पायाला सुरी बांधतात हो!

पोटरीला! कमरेला लावली असती तर एक वेळ समजून घेतलं असतं. आमच्या आजोळी गडी कमरेच्या आकडीला कोयता अडकवूनच माडावर चढतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण चांगल्या घरातली, निवृत्तीला टेकलेली, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेणारी माणसं रबरी पट्ट्यांनी पोटरीला सुरी बांधून दिवाणखान्यात येरझारा घालताहेत, हे दृश्य आमच्या डोंबिवलीनं या वर्षापर्यंत पाहिलेलं नव्हतं. मी काही दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसणाऱ्यातली नाही. इथे खुपसायची गरजही पडली नाही, कारण भानगड कुरियरनं माझ्याच घरी आली.

खोकं आधी चुकून वरच्या मजल्यावर गेलं. तिथल्या वहिनी ते घेऊन खाली आल्या त्या दोन्ही हातांनी, अंगापासून लांब धरून. "अहो, हलवलं तर आतून वाजतंय," म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "बाहेर चित्र आहे. रामपुरीच म्हणा की!" संध्याकाळपर्यंत ए विंगमध्ये रामपुरीचा जंबिया झाला होता आणि बी विंगमध्ये जंबियाची तलवार. गुरुवारच्या भिशीत एकीनं मला पाण्याच्या फिल्टरपाशी गाठून खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "घरात सगळं ठीक आहे ना गं?"

सगळं ठीक होतं. आमच्या ह्यांना फक्त स्कूबा झाला होता.

हा आजार मालवणात लागतो. सुरुवात अगदी साधी असते. सिंधुदुर्ग किल्ला बघायला म्हणून जायचं, धक्क्यावर बोटवाला म्हणतो स्कूबा करा, आणि पुतण्या-भाच्यांच्या देखत नाही कसं म्हणायचं? तोंडात नळी, पाठीवर टाकी, आणि ती टाकी मागून धरलेला एक मालवणी पोरगा. तो तुम्हाला न्हाऊ घातलेल्या बाळासारखं पंधरा-वीस मिनिटं पाण्यातून फिरवून आणतो. पाव कुस्करून मासे जमवतात, अंगठा आणि तर्जनी जुळवून ‘ओके’ करायला लावतात, वर आल्यावर व्हिडिओ देतात. बहुतेकांचा ताप व्हिडिओ गावभर दाखवून झाला की उतरतो. ह्यांचा चढला. ह्यांनी रीतसर कोर्स केला. पुस्तक वाचलं, तरणतलावात गुडघे टेकून मास्कमधलं पाणी काढायला शिकले, समुद्रात चार बुड्या मारल्या आणि 18 मीटरपर्यंत जायचं कार्ड मिळवलं. ते कार्ड पाकिटात आधार कार्डाच्या पुढे असतं. वाणसामानाचे पैसे देताना ते वाण्याला दिसेल अशा बेतानं पाकीट उघडतात.

कार्डापाठोपाठ सामानाची साथ आली. आधी मास्क, मग पायातले फिन, मग तो रबरी पोशाख. तो अंगात चढवताना घरातून जे आवाज येतात त्याबद्दल शेजाऱ्यांनी अजून विचारलेलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. मग मनगटावरचा कॉम्प्युटर. आणि मग, हळद-कुंकू वाहिल्याशिवाय पूजा पुरी होत नाही तशी, सुरी.

आता खरी गंमत सांगते. आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर शनिवारी संध्याकाळी असे पाच जण जमतात. पाचही जणांचं मालवणात डोकं फिरलेलं. पूर्वी हे लोक शेअर बाजारावर बोलायचे, आता पोलादावर बोलतात. ज्या माणसाला टोमॅटोची सुरी कुठली आणि पावाची कुठली हे एकतीस वर्षांच्या संसारात कळलं नाही, तो माणूस एका कटिंगवर पाऊण तास 304 आणि 440 सी यांतला फरक समजावून सांगतो! मी भाजी घ्यायला म्हणून त्या टपरीवरून दोनदा गेले. मुद्दाम नव्हे. भाजीवाला तिथेच बसतो.

ऐकल्यावर मात्र माझी मती गुंग झाली. त्यांचं ते 304 म्हणजे काय, तर 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल. म्हणजे आपलं 18/8. म्हणजे माझं पातेलं! त्याला सहसा गंज चढत नाही, पण ते तापवून पाणी दिलं तरी कडक होत नाही, त्यामुळे धार टिकत नाही. पातेल्याला धार लावून कुणी मासळी कापायला बसलंय का कधी? त्यात थोडं मॉलिब्डेनम घातलं की 316 होतं. ते खाऱ्या पाण्याला आणखी दाद देत नाही, पण धारेच्या नावानं तसंच शंख. उलट 440 सी. त्यात कार्बन एक टक्क्याच्या आसपास, पाणी चांगलं बसतं, धार राहते, आणि समुद्रातून आल्यावर हयगय केली की गंजतं. सगळं बोलणं स्थळं बघितल्यासारखं. मुलगा कर्तबगार आहे पण तापट, दुसरा शांत आहे पण त्याच्यानं काही होत नाही. मधूनच कुणीतरी टायटॅनियमचं नाव काढतं आणि सगळे गप्प होतात. ते अमेरिकेतलं स्थळ. समुद्रात गंजत नाही, वजन पोलादाच्या निम्म्याहून थोडं जास्त, लोहचुंबकाला भुलत नाही, आणि हुंडा परवडत नाही. वर धार म्हणाल तर चांगल्या पोलादाइतकी टिकत नाहीच. पण तेवढं कोण बोलणार, स्थळ अमेरिकेतलं ना!

आमच्या घरात आलेली सुरी होती 420 ची. मधली. ह्यांनी ती डब्यातून काढली तेव्हा मी पोळ्या लाटत होते. काळी, रबरी मुठीची, एका बाजूला साधी धार, दुसऱ्या बाजूला करवतीसारखे दाते, मुळाशी एक खाच आणि मुठीच्या टोकाला धातूचा गोळा. "दाते दोरखंडाला, साधी धार बारीक दोरीला, ही खाच अडकलेला धागा ओढून तोडायला," हे शिकवणीतल्या सरांसारखे सांगत होते.

"आणि गोळा?"

"टाकीवर वाजवायला. पाण्यात हाक मारता येत नाही ना. ठक ठक केलं की जोडीदार वळून बघतो."

एवढी किंमत मोजून शेवटी दाराची कडीच! तेवढ्यात सी विंगमधले वकीलसाहेब आले. त्यांनी शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची वेगळी नोंद आहे असं सांगितल्यावर माझ्या शिवणाच्या टेपनं पातं मोजलं गेलं. सव्वापाच इंच लांब, सव्वा इंच रुंद. वकीलसाहेबांचा चेहरा जरा उतरलाच. मग ह्यांनी पोटरीला पट्टे बांधले, दोन पावलं चालले आणि जेवायला खुर्चीवर बसताना मूठ खुर्चीच्या आडव्या दांडीत अडकून खुर्चीसकट मागे गेले. त्या दिवशी कळलं, या हत्याराचा पहिला शत्रू फर्निचर आहे.

हे पोटरीचं खूळ आलं कुठून, याची चौकशी मी अर्थातच केली नाही. पण माझ्या मालवणच्या मावशीचा नातू हाच धंदा करतो. तारकर्लीला एमटीडीसीनं पाणबुड्यांची संस्था काढली आहे, तिथे शिकला आणि आता पर्यटकांना बुड्या मारवतो. त्याला फोन केला तो मावशीची तब्येत विचारायला. बोलता बोलता निघालं.

तो म्हणाला, "आत्ये, ह्या सगळा टीव्हीचा पाप." 1958 ते 1961 मध्ये अमेरिकेत ‘सी हंट’ नावाची मालिका चालायची. लॉइड ब्रिजेस त्यात माइक नेल्सन नावाचा पाणबुड्या व्हायचा. हवेच्या नळ्या तेव्हा दोन असायच्या, दोन्ही मानेमागून यायच्या, आणि खलनायकाच्या त्या नळ्या कापायला सुरी हवीच. मग 1965 चा बाँडपट ‘थंडरबॉल’. त्यात पाण्याखाली पलटणीच्या पलटणी एकमेकांच्या नळ्या कापताहेत, भाले मारताहेत. बघणाऱ्यांच्या डोक्यात बसलं ते बसलं, पाण्यात उतरायचं म्हणजे कुणाशी तरी मारामारी करायला. खरी गोष्ट किती जुनी आणि किती साधी! लंडनच्या सीब गॉर्मन कंपनीचे ते पितळी शिरस्त्राणवाले पाणबुडेही सुरी बाळगायचे. पितळेचं म्यान, त्यात सुरी बरणीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची, म्हणजे आपोआप पडायला नको. पण ती मारामारीसाठी नव्हे. वरून हवेची नळी, वरून दोर, खाली फुटक्या जहाजाचे दोर, सगळा गुंता. सुरी होती ती गुंत्यासाठी. 1943 मध्ये कूस्तो आणि गान्यानं पाठीवर हवा बांधून दिली, वरची नळी गेली, आणि राहिली ती सुरी. शिवाय शान.

"पण शार्क?" मी विचारलं. कारण ह्यांनी मला तेच सांगितलं होतं.

पलीकडे मावशीनं फोन हिसकावला असावा. "कसलो शार्क? मोरी? ती काल ताटात होती!"

खरंच होतं ते. मालवणात गेलो की आमचे हे मोरीच्या कालवणात तांदळाची भाकरी बुडवत शार्कपासून बचाव कसा करायचा ते सांगतात. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात रस्सा. ज्याच्यापासून स्वतःला वाचवायचं तो पोटात जाऊन दोन तास झालेले. आणि खरा शार्क समोर आलाच, तर सव्वापाच इंचांनी त्याचं काय होणार? त्याची कातडी म्हणजे नुसता सँडपेपर, दातांसारख्या बारीक बारीक कणांनी भरलेली. ‘जॉज’ 1975 चा, आठवतो? त्यातला हूपर रात्री पाण्यात उतरतो आणि सुरीनं काय करतो, तर अर्धवट बुडालेल्या होडीच्या फळीतून शार्कचा दात उकरतो. भोकातून मेलेल्या माणसाचं तोंड पुढे आल्यावर घाबरून तो दातही टाकून पळतो. सिनेमातसुद्धा सुरी शेवटी उकरायलाच!

आता हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, मी घरी येऊन ह्यांची खरडपट्टी काढली असेल. नाही. मी गप्प बसले, कारण आम्हाला मे महिन्यात मालवणला जायचंच होतं आणि मला तमाशा जागेवर बघायचा होता. शिवाय विमानानं जायचं नव्हतं. त्याच टपरीवरच्या कंपूतले एक गृहस्थ अंदमानला निघाले होते, त्यांनी आपली सुरी हातातल्या बॅगेत घातली. केबिनमध्ये सुरी नेता येत नाही, चेक-इनच्या सामानात टाकायची असते, हे पाळण्यातल्या पोराला कळतं. पण त्या गृहस्थांना सुरी डोळ्यांआड करायची नव्हती. मशीनमध्ये बॅग थांबली, शिपायानं बाहेर काढली, रांगेतल्या दोनशे माणसांनी बघितली. बायको दुसऱ्या रांगेत जाऊन उभी राहिली आणि म्हणे कुणाबरोबर आलोय तेच विसरली. सुरी तिथेच राहिली. अंदमानला उतरल्यावर हे गृहस्थ तिथल्या दुकानात पहिली गोष्ट कुठली विकत घेऊन बसले, ते मी सांगायला नको.

कुडाळला कोकणकन्येतून उतरलो, मालवणात पोहोचलो, आणि हे अंगणात सुरी घेऊनच बसले. मावशी ऐंशीच्या घरात. तुळशीपाशी मिरच्या वाळत घालत होती. तिनं चष्मा वर केला, सुरी बघितली, ह्यांच्या पोटरीकडे बघितलं. जावई असल्यामुळे बोलली नाही. मला मात्र हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. "गो, ह्यांका झाला तरी काय? समुद्रात काय कांदो कापूचो आसा?"

नातू संध्याकाळी आला. येताना खिशातून तंगूस घेऊन आला. तंगूस म्हणजे नायलॉनचा तो पारदर्शक दोरा, गरी लावून मासे पकडायचा. अंगणाच्या दिव्याखाली त्यानं ह्यांना मनगट पुढे करायला सांगितलं आणि त्याभोवती तीन वेढे दिले. बघा, मी हाताच्या अंतरावर बसले होते, माझे डोळे अजून बरे आहेत, तरी कोरड्या हवेत तो दोरा मला दिव्याच्या रेषेत आला तेव्हाच दिसत होता. "आता सोडवा काका." हे हात ओढायला लागले. ओढला की तंगूस रुतते. मनगटाभोवती पांढरी रेघ उमटली, मग लाल. दुसऱ्या हातानं सुरी काढली. दात्यांची बाजू लावली तर दात्यांवरून दोरा नुसता टणटण उड्या मारायला लागला. साधी धार लावायला पातं उलटं करावं लागलं, आणि पातं उलटं केल्यावर त्याचं टोक थेट ह्यांच्या कोपराकडे. मावशी ओट्यावरून बघत होती. मिरच्या आवरायच्या राहिल्या.

नातवानं गळ्यातून काहीतरी काढलं. मला वाटलं शिट्टी असेल. काड्यापेटीएवढं, भडक केशरी, मधे एक चीर आणि चिरेत लपलेलं पातं. आम्ही शिवणात टाके उसवायला वापरतो ना, त्याचाच थोरला भाऊ. चीर दोऱ्यावर अडकवली, ओढली, टक्. दोरा गळून पडला. बोट लागायला पातं बाहेर नव्हतंच.

"एवढंच?" ह्यांच्या तोंडून निघालं.

एवढंच हो! याचीच तर चीड येते. पाण्याखाली पाणबुड्याचा वैरी कोण, तर सुतासारखा दोरा. फाटून वाहत आलेल्या जाळ्याचा तुकडा, खडकात गरी अडकल्यावर तोडून टाकलेली तंगूस. पाण्यात ती दिसत नाही आणि कळते तेव्हा बहुधा पाठीमागे टाकीच्या तोटीला गुंडाळलेली असते, जिथे तुमचा हातही पोचत नाही आणि नजरही. नातवाचा कायदा असा: अडकलो कळलं की थांबायचं. वळून बघायचं नाही, कारण वळलात की आणखी एक वेढा. श्वास चालू ठेवायचा, जोडीदाराला बोलवायचं, आणि शक्यतो त्यालाच कापू द्यायचं. त्याला दिसतं. तुम्ही पाठीमागे आंधळेपणानं सुरी चालवलीत तर दोऱ्याऐवजी स्वतःचीच हवेची नळी कापाल. माइक नेल्सनला निदान खलनायक तरी लागायचा.

म्हणून तो सुरी घेऊच नका असं म्हणत नाही. म्हणतो, घ्या, पण लहान. पातं तीन इंचांचं पुरे. टोक बोथट असलं तर उत्तम. बोथट! मावशीनं दोनदा विचारून खात्री करून घेतली. चांगले पैसे मोजून टोक नसलेली सुरी घ्यायची? जावळ काढायचं आहे की काय? कारण मात्र खरं आहे. अंगावरच्या जाकिटात हवा असते, त्यावरच तरंगणं-बुडणं अवलंबून. घाईत सुरी म्यानात घालताना टोक त्यात गेलं, किंवा जोडीदाराच्या बरगडीत, तर दोरा राहिला बाजूला. एका बाजूला दाते, एका बाजूला धार, मूठ भडक रंगाची म्हणजे पडली तर दिसेल. आणि बांधायची छातीवर किंवा पोटापाशी, दोन्हीपैकी कुठलाही हात पोचेल अशी. हात एकच मोकळा राहिला तर? तो नेमका कुठला राहील, हे तंगूस तुम्हाला विचारत नाही.

सगळ्यात धक्का देणारी गोष्ट त्यानं शेवटी सांगितली. लांब लांब जाणारे, बुडालेल्या जहाजांच्या आत शिरणारे जे पट्टीचे लोक असतात, त्यांतले बरेच जण सुरीच्या जोडीला काय ठेवतात माहिती आहे? कात्री. अपघातात सापडलेल्या माणसाचे कपडे कापायला इस्पितळात असते ना, वाकड्या पात्यांची, बोथट नाकाची, ती. गळाची तार सुरीला दाद देत नाही, कात्री तोडते. टपरीवरचं ते सगळं 440 सी, ते टायटॅनियम, ती अमेरिकेतली स्थळं, आणि लग्न कुणाशी, तर वाड्यातल्या नर्सबाईंशी!

"आणि प्रवाळ?" हे विचारायला लागले. कारण सुरीचा गोळा आणि टोक दोन्ही त्यांनी प्रवाळाचा तुकडा आणायच्या हिशोबात धरलेले होते, हे मला ठाऊक होतं. माझ्या शोकेसमध्ये जागासुद्धा करून ठेवली होती. नातवाचा चेहराच बदलला. मालवणचा हा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, साधारण 29 चौरस किलोमीटर, आणि प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. तोडलात तर वाघ मारल्यासारखं. मेक्सिकोत कोझुमेल नावाचं बेट आहे, तिथल्या सागरी उद्यानात तर पाणबुड्यांना सुरी न्यायलाच बंदी. हातमोजेही नाहीत. सुरी आणि मोजे असले की माणसाचे हात शिवशिवतात. शोकेसमधली जागा मी मनातल्या मनात गणपतीला देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी बोटीत मी होते. बुडी मी मारत नाही. मी बोटीत बसते, सगळ्यांचे मोबाइल सांभाळते आणि कोण काय करतं ते बघते. ह्यांनी पोटरीला सुरी बांधली ती मोठीच. "आणली आहे तर वापरू," म्हणाले. नातवानं फक्त पट्टा पायाच्या बाहेरच्या बाजूनं आतल्या बाजूला फिरवला. बाहेर असली तर तीच दोऱ्यात अडकते म्हणे. अडकवून घेणारी वस्तू अडकल्यावर सोडवायला! मग दोघं पाठमोरे पाण्यात पडले आणि बुडबुडे लांब गेले.

खाली काय झालं ते मी व्हिडिओत बघितलं, मावशीच्या ओसरीवर, चारदा. आता हा व्हिडिओ कुणाला दाखवायचा नाही असं ठरलंय, त्यामुळे तुम्हाला नुसतं सांगते. नऊ मीटरवर खडकाच्या कपारीत जाळ्याचा एक हिरवट तुकडा. ह्यांच्या डाव्या फिनचा पट्टा त्यात गेला. फार काही नाही, रापणीच्या जाळ्यात एखादा खेकडा यावा तेवढंच. ह्यांनी पाय झटकला. मग आठवलं, थांबायचं. थांबले. शाबास. मग हात पोटरीकडे गेला आणि तिथे सुरी नव्हती! नव्हती म्हणजे होती, पण पट्टा सैल होऊन फिरून पोटरीच्या मागे गेलेली. वर बोटीत घट्ट बसलेला पट्टा खाली सैल झाला, कारण त्या रबरी पोशाखात बारीक बारीक हवेचे फुगे असतात आणि खाली दाब वाढला की ते दबून पोशाख पातळ होतो. दहा मीटरवर दाब वरच्या दुप्पट. पोटरी तीच, पोशाख बारीक. म्हणून ते पट्टे ताणले जाणारे हवेत, आणि खाली गेल्यावर हात लावून बघायचे असतात. पुस्तकात हे आहे, ह्यांनी अधोरेखितसुद्धा केलंय.

व्हिडिओत पुढे एक प्रौढ गृहस्थ समुद्राच्या तळाशी स्वतःच्या पायामागे हात घालून गोल गोल फिरताना दिसतात. आमच्याकडे पूर्वी एक मांजर होतं, ते शेपटी पकडायला असंच फिरायचं. मग कॅमेऱ्याच्या कोपऱ्यातून एक हात येतो, केशरी काड्यापेटी, दोन ओढी, पाय मोकळा. हात ‘ओके’ करतो. गृहस्थही ‘ओके’ करतात, पण मास्कच्या आत चेहरा दिसतो. कॅमेरा चांगला आहे.

सुरी तशीच म्यानात, म्यान तसंच ओल्या पिशवीत आणि पिशवी मावशीच्या न्हाणीघराच्या दारामागे तीन दिवस. गोड्या पाण्यातून काढून, मूठ सोडवून, कोरडी करून, तेलाचा हात फिरवून ठेवायची असते. हेही अधोरेखित आहे. निघायच्या सकाळी मी ओलं सामान आवरायला घेतलं तेव्हा सुरी म्यानातून निघताना किरकिरली. पात्यावर चहा सांडून वाळावा तसे डाग, दात्यांच्या खाचांत तपकिरी भुकटी. स्टेनलेस! म्हणे क्रोमियमचा एक पापुद्रा पोलादावर आपोआप चढतो आणि गंजाला अडवतो, पण बंद म्यानात मीठपाणी साठून राहिलं की तो पापुद्रा ठिकठिकाणी टोचून निघतो. डोंबिवलीत पाऊण तास चाललेलं व्याख्यान तीन दिवसांत विरघळलं.

मावशी तेव्हा बांगडे कापायला बसली होती. तिचा आडाळो, म्हणजे विळी, माझ्या आईच्या लग्नाच्या आधीचा. साधं लोखंड. काम झालं की धुते, पुसते, खोबरेल तेलाचं बोट फिरवते. एक डाग नाही. तिनं हात पुढे केला. "बगया."

अंगठ्यानं धार चाचपली. मग बांगडा पाटावर घेऊन सुरीची साधी बाजू डोक्याखाली लावली. सुरी सरकली. दात्यांची बाजू लावली. दात्यांनी कापलं, नाही असं नाही, पण बांगड्याचं जे काही झालं ते बघून मांजरानंसुद्धा मान फिरवली. मावशीनं तुकडा बाजूला ठेवला, सुरी पदरानं पुसली, दोन्ही बाजू उलटून बघितली आणि ओट्याच्या कडेवरून ह्यांच्याकडे पुढे केली.

"घेवा जावयबापू," म्हणाली. "पायाक बांधा."